भोंगा गप्प राहिली तो रविवार

बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीमागे, काचेच्या खोक्यात, एक बाई बसतात. समोर मायक्रोफोन, बाजूला पाण्याची बाटली, डोक्यावर कुरकुरणारा पंखा. नियम असा की गाडीचं गाव सांगायचं, फलाट सांगायचा आणि बटण बंद करायचं. बाईंना नियम पाठ आहे, पण पाठ असणं वेगळं आणि पाळणं वेगळं. गाडी तिसऱ्या फलाटावर लागल्याचं सांगून झालं की त्या एक श्वास घेतात आणि पुढे सुरू होतात. “मागच्या चाकावरची सीट धरू नका, गुडघे हनुवटीला लागतात. निळ्या छत्रीवाल्या आजी, ही तुमची गाडी नव्हे, बसा निवांत. आणि नळाजवळ पिशवी ठेवणाऱ्यांनी ती उचला, पाणी सुटलंय.”

स्थानकप्रमुखांनी त्यांना तोंडी समज दिली, मग लेखी दिली, आणि शेवटी हात जोडून विचारलं, “बाई, गप्प बसायचं काय घ्याल?”

“परवडणार नाही तुम्हाला, साहेब,” बाई म्हणाल्या. “लहानपणी मला एक दिवस गप्प ठेवायला अख्ख्या गल्लीने पैसे लावले होते.”

“मग? बसलात गप्प?”

“बसले की.”

साहेबांना ते खरं वाटलं नाही. कुणालाच वाटत नाही. तेव्हा ही हकिगत जरा सविस्तर सांगणं भाग आहे.

बाईंना तेव्हा सगळे भोंगा म्हणत. खाली वडिलांचं कुलूप-किल्लीचं दुकान, मागे दोन खोल्या, एवढ्यात आई, बाबा, आत्या, आजोबा आणि ही. दुकानाबाहेर आडव्या दांडीला माणसाएवढी पत्र्याची किल्ली टांगलेली होती, ती आजोबांनी बनवलेली. आजोबांचा सगळा जन्म पत्र्याच्या कारखान्यात ट्रंका आणि बादल्या ठोकण्यात गेला होता. पत्रा ठोकला गेला तसे कानही गेले. कारखान्याने निरोप देताना त्यांना एक घड्याळ दिलं, गजराचं. त्याचा उपयोग बाकीच्या घराला झाला.

भोंगा सकाळी डोळे उघडायच्या आधी तोंड उघडायची. झोपेतही बोलायची, आणि झोपेत अर्धी राहिलेली गोष्ट उठल्यावर पुढे चालू करायची. दात घासताना बोलायची, ते फक्त तिलाच कळायचं, पण त्याने काही अडायचं नाही. शेजारपाजारचे म्हणत, बापाने गावभर कुलुपं बसवली, पण पोरीच्या तोंडाला एक बसवता आलं नाही. घरात प्रत्येकाची ‘गप्प बस’ म्हणायची आपापली तऱ्हा होती. आई लाडाने म्हणायची, बाबा तोंडात स्क्रू धरून म्हणायचे, आत्या तर भोंगा दारात दिसली की आगाऊच म्हणून ठेवायची.

एकटे आजोबा कधी म्हणत नसत. दुपारी ते दुकानातल्या बाकावर जुन्या किल्ल्या पत्र्याच्या डब्यांत लावत बसायचे, लांब दांड्याच्या इकडे, बुटक्या तिकडे. भोंगा समोर स्टुलावर बसायची आणि सुरू व्हायची. आजोबा हातातली किल्ली बाजूला ठेवून तिच्या तोंडाकडे बघायचे. ती हसली की हसायचे, तिने डोळे मोठे केले की ‘अरे बापरे’ म्हणायचे. अगदी पहिल्यांदा, नीट बोलताही येत नव्हतं तेव्हा, तिने त्यांना काळ्या मांजराची गोष्ट सांगितली होती. ते मांजर स्प्रिंगांच्या खणात झोपलं आणि शेपटीला स्प्रिंग लावून बाहेर आलं. आजोबा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले होते. त्या दिवसापासून तिने त्यांना काही सांगायचं बाकी ठेवलं नव्हतं.

“अगं, त्यांना ऐकू येत नाही,” आत्या म्हणायची.

“तुझं येत नसेल. माझं येतं,” भोंगा म्हणायची. हा वाद कधीच मिटला नाही.

आता मदतफेरीविषयी सांगायला हवं. दर वर्षी एका रविवारी निम्मं गाव गावाभोवती चालत फेरी मारायचं आणि उरलेलं निम्मं गाव त्यांच्या चालण्यावर पैसे द्यायचं. कधी वाचनालयाच्या गळक्या छपरासाठी, कधी रुग्णवाहिकेसाठी. भोंगाची पहिली फेरी बाबांच्या खांद्यावर बसून झाली. त्यावरून नंतर तंटा झाला की पोरगी चालली की बाप चालला, आणि शेवटी दोघांनाही अर्धं अर्धं चालल्याचं मानण्यात आलं. दुसऱ्या वर्षी ती आपल्या पायांनी निघाली आणि वाटेत एका ओट्यावर बसून तिथल्या आजींना आपल्या घराची सगळी माहिती देत राहिली. फेरी पुढे निघून गेली, ती संध्याकाळी सापडली. रुग्णवाहिकेच्या वर्षी चालणाऱ्यांपैकी इतके जण उन्हाने आडवे झाले की त्यांना उचलायला रुग्णवाहिका नाही हे गावाला फार जाणवलं, आणि दुसऱ्या दिवशी मदत दुप्पट झाली.

मग किराणावाल्याच्या डोक्यात एक विचार आला. तो म्हणाला, “नुसतं चालायचे कसले पैसे? चालतो तर मीही. दुकानातून घरी, घरून दुकानात. मला कोण देतं?” म्हणणं बिनतोड होतं. तेव्हापासून गावात अट निघाली. चालणाऱ्याने काहीतरी अवघड करत चालायचं, आणि ती अट पैसे देणाऱ्याने घालायची. अट मोडली तर दमडी मिळणार नाही. शिंपी सुईत दोरा ओवत चालला. एका मास्तरणीबाईंनी सगळी फेरी शिट्टी वाजवत पार केली, पुढे आठवडाभर त्यांचे ओठ तसेच राहिले. निवाडा करायला सलूनवाला असे, कारण गावातला प्रत्येक पुरुष त्याच्या वस्तऱ्याखाली मान देऊन बसलेला होता आणि त्याच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती.

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या वर्षी फेरी कानांच्या यंत्रांसाठी होती. ज्याच्या घरी ऐकू न येणारं माणूस असेल त्याने चालायचं, आणि त्याच्या अटीवर जे जमेल त्यातून त्या माणसाला यंत्र यायचं. भोंगा उठून सलूनमध्ये गेली आणि म्हणाली, “मी आजोबांसाठी चालते. मला कुठली अट घालताय?”

सलूनमध्ये जेवढी माणसं होती त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. खुर्चीत तोंडाला फेस लावून बसलेले पेन्शनर काका ताडकन उठले. हे काका दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहायचे. निवृत्त झाल्यावर दुपारी झोपायचं एवढीच त्यांची आयुष्यात इच्छा होती, आणि भोंगाचा आवाज जिना न चढताच वर यायचा.

“गप्प!” काका ओरडले. “सुरुवातीपासून शेवटापर्यंत तोंडातून एक शब्द नाही. मी सगळ्यांच्या वर देतो!”

“मी पण,” किराणावाला म्हणाला. “मी पण, मी पण,” करत सगळी गल्ली पुढे आली. आजवर कुठल्याही अटीवर इतकी मदत जाहीर झाली नव्हती. हेडमास्तरांनी आपल्यासाठी उलटं चालायची अट घेतली होती, पण त्यांनीही भोंगाच्या अटीवर पैसे लावले. भोंगाच्या आईनेही लावले. बाबांनी नको नको म्हणत लावले.

घरी आल्यावर आत्याने कपड्यांच्या घड्या घालता घालता एक वाक्य टाकलं. “मिळव हो यंत्र. कान आले की तेही आमच्यासारखे गप्प बस म्हणायला लागतील.”

आत्याला ती चेष्टा वाटली असेल. भोंगाला मात्र ते खरं वाटलं. तिने आजोबांकडे पाहिलं. ते डबे लावत होते. इतकी वर्षं तिचं बोलणं ऐकणारा हा एकच माणूस होता. त्याला थोडं थोडं ऐकू येत असेल तर आता सगळंच येईल. आणि आत्या म्हणते तसं काहीच येत नसेल, तर? तर तो तिला कंटाळला नाही याचं कारण तेवढंच. जे यंत्र मिळवायला ती निघाली होती ते तिचा एकुलता एक श्रोता घेऊन जाणार होतं. त्या संध्याकाळी ती जेवताना बोलली नाही, आणि आईने तिच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

रविवारी सकाळी शाळेसमोर सगळे जमले. अवघड अटीवाले पुढे ठेवायचे, म्हणजे लोकांना दिसतील, असं सलूनवाल्याने ठरवलं. सर्वांत पुढे झेंडा घेऊन मोजणीदार. हे जमिनी मोजणारे गृहस्थ. फेरीचा रस्ता त्यांनीच मोजून आखलेला होता आणि ‘डोळे मिटून चालेन’ असं ते दर वर्षी म्हणत. या वर्षी लोकांनी त्यांना शब्दात पकडून डोळ्यांवर काळं फडकं बांधलं. ते सासूबाईंच्या यंत्रासाठी चालत होते, त्यामुळे मदतीची फारशी हौस नव्हती, पण अब्रूचा प्रश्न होता. त्यांच्यामागे भोंगा. तिच्यामागे उलटे चालणारे हेडमास्तर. त्यांच्यामागे डोक्यावर गरम पावांचा ट्रे घेतलेला बेकरीवाला. एकही पाव पडू द्यायचा नाही अशी त्याची अट, त्यामुळे त्याला मान हलवता येत नव्हती. मग खांद्यावर पत्र्याची भलीमोठी किल्ली घेतलेले बाबा, आणि त्यांच्यामागे सगळं गाव. भोंगाच्या बाजूने, तिचं तोंड दिसेल असे, पेन्शनर काका. पैसे लावले आहेत तर नजरही ठेवायला हवी, असं त्यांचं म्हणणं होतं.

थोडक्यात सांगायचं तर, पुढच्या सगळ्या मंडळींत समोरचं बघू शकणारी आणि तिकडे लक्ष असलेली एकटी भोंगा होती. आणि तिला बोलायची बंदी होती. हे असं होतंय हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही, कारण प्रत्येक जण आपापल्या अटीत मग्न होता.

बाजारपेठ नीट पार पडली. मोजणीदार पावलं मोजत ताठ चालले होते. पुढची खूण त्यांनी काकांना अभिमानाने सांगितली, “बेकरीजवळ पावाचा वास येतो. वास आला की डावीकडे वळायचं. माझं नाक चुकत नाही.”

नाक खरंच चुकलं नाही. तेवढ्यात मागून वाऱ्याची झुळूक आली, ट्रेवरच्या पावांचा खरपूस वास पुढे गेला, आणि मोजणीदार झेंडा उंच करून डावीकडे वळले. बेकरी अजून बरीच पुढे होती. डावीकडे लाँड्रीची बोळ होती.

भोंगाला ते दिसलं. तिने मोजणीदारांचा शर्ट ओढला. “पोरांनी मस्ती करायची नाही,” ते मान न वळवता म्हणाले. ती मागे वळून हेडमास्तरांच्या पाठीला टोचू लागली. हेडमास्तर उलटे असल्यामुळे त्यांना मागची गर्दी शिस्तीत येताना दिसत होती, आणि ते समाधानी होते. “काय आहे? आधी हात वर कर,” ते म्हणाले. भोंगाने त्यांच्यासमोर जाऊन हात वर केला. “हं, बोल.” भोंगा नुसती हात वर करून त्यांच्यासमोर चालत राहिली. “उत्तर येत नसेल तर हात वर करू नये,” हेडमास्तर म्हणाले. मग ती बाबांकडे गेली आणि दोन्ही हातांनी उजवीकडे, उजवीकडे असं दाखवू लागली. बाबांना वाटलं तहान लागली असेल. त्यांनी किल्ली सांभाळत तिला बाटली दिली. ती पाणी प्यायली, कारण तहानही लागली होती.

मागच्या लोकांना डोळे होते, तोंडं होती. त्यांना बोळ नवी आहे हे दिसत होतं. पण त्यांच्यात मत पडलं की मोजणीदारांनी मोजलंय म्हणजे विचार करूनच मोजलं असणार. शिवाय ही वाट जवळची वाटत होती, आणि जवळच्या वाटेला आजवर कुणी हरकत घेतलेली नाही.

पुन्हा झुळूक आली. मोजणीदार पुन्हा डावीकडे वळले आणि एका उघड्या दारातून सरळ कुणाच्यातरी घरात शिरले.

आत एक गृहस्थ बनियनवर, गालाला साबण लावून आरशासमोर उभे होते. त्यांची बायको लादी पुसत होती. तिने झेंडा पाहिला, डोळे बांधलेला माणूस पाहिला, आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, “चपला बाहेर काढा!”

ओल्या लादीपुढे कोणाचं काही चालत नाही. सगळ्या फेरीने मुकाट्याने चपला-बूट दाराबाहेर काढले. बेकरीवाल्याला वाकता येईना म्हणून त्या बाईंनीच त्याचे बूट ओढून काढले. एकामागून एक माणसं स्वयंपाकघरातून मागच्या दाराने बाहेर पडत राहिली. बाबांची किल्ली दारात अडकली तेव्हा साबणवाल्या गृहस्थांनी ती तिरकी करून काढायला मदत केली आणि विचारलं, “कुठल्या मदतीसाठी आहे?” बाबा म्हणाले, “कानांच्या यंत्रांसाठी.” गृहस्थ म्हणाले, “मग बरोबर. काल मी कुणाला तरी आत यायला हो म्हटलं असेन, नीट ऐकलं नसेल.” बायको पुन्हा सगळी लादी पहिल्यापासून पुसायला लागली.

मागच्या दाराबाहेर परसबाग, परसबागेपलीकडे उतार, आणि उताराखाली कालवा. पाणी गुडघाभरच, पण चिखल भरपूर.

भोंगाला पुढचं सगळं दिसत होतं. एक हाक पुरली असती. ‘थांबा’ एवढा एक शब्द. तो तिच्या जिभेवर येऊन उभा राहिला. आयुष्यात तिने असा किती वेळा काही गरज नसताना ‘थांबा’ म्हटलं असेल. तिने दोन्ही हात तोंडावर दाबले. काका टक लावून तिच्याकडे बघत होते, म्हणून त्यांनाही कालवा दिसला नाही.

“उतार लागला,” मोजणीदार खुशीत म्हणाले. “म्हणजे मैदान आलं.” पाय भिजले. “दवाचं गवत आहे.” पोटऱ्या भिजल्या. “गटार तुंबलंय. नगरपालिकेला कळवलं पाहिजे.” पाणी गुडघ्यांना लागलं तेव्हा मात्र ते थांबले आणि त्यांनी अतिशय सभ्यपणे विचारलं, “आपण कुठे आहोत?”

तोवर हेडमास्तर उलटे येऊन पाण्यात बसले होते. बेकरीवाला मान ताठ ठेवून चिखलात रुतला होता आणि ट्रेवरचा एकही पाव हलला नव्हता. काका एका पायावर उभे होते, दुसरा चिखलात अडकला होता. मागचे लोक ‘काय झालं, काय झालं’ करत एकमेकांना ढकलत उतरत होते. आणि त्या सगळ्या गोंधळात कुणीही आपली अट मोडली नाही. मोजणीदारांनी फडकं काढलं नाही, हेडमास्तर उठले ते उलटेच उठले.

“या पोरीला दिसत होतं!” काका ओरडले. “हिने सांगितलं का नाही?”

सगळ्या गावाने भोंगाकडे पाहिलं. कोरड्या काठावर ती एकटी उभी होती.

“अगं बोल ना,” हेडमास्तर म्हणाले.

“बोल गं बाई,” किराणावाला म्हणाला.

“रस्ता कुठून आहे, सांग की!” आत्या चिखलातून ओरडली. ही तीच आत्या, जी तिला दारातच गप्प करायची.

भोंगाने ओठ असे मिटले की ते दिसेनासे झाले. सलूनवाला पाण्यातूनच पुढे आला आणि त्याने काकांना विचारलं, “ती बोलली तर तुम्ही पैसे द्याल?”

“अजिबात नाही. अट म्हणजे अट.”

“मग ती बोलेल कशी?”

काकांनी गुडघाभर पाण्यात उभं राहून त्यावर विचार केला. “मला पैसेही द्यायचे नाहीत आणि इथे राहायचंही नाही,” ते शेवटी म्हणाले. निदान ते खरं बोलले. सलूनवाल्याने निवाडा दिला की पोरीने खुणेने वाट दाखवावी, खुणेला बंदी नाही.

“मला खूण दिसणार कशी?” मोजणीदार फडक्याआडून म्हणाले. तेव्हा त्यांचा हात धरून भोंगाच्या खांद्यावर ठेवण्यात आला, आणि ती पुढे निघाली. परत परसबाग, परत ते स्वयंपाकघर. चिखलाचे तेवढे पाय बघून त्या बाई भिंतीला टेकून खालीच बसल्या. दाराबाहेर चपलांचा जो ढीग झाला होता त्यातून ज्याला जे मिळालं ते त्याने घातलं. नंतर कितीतरी दिवस गावात लोक एकमेकांच्या पायांकडे बघून ओळख काढत होते. मग बोळ, मग बाजार, मग खरी बेकरी. बेकरीपुढे मोजणीदार म्हणाले, “वास आला, डावीकडे.” भोंगाने त्यांच्या हातावर थोपटलं. या वेळी ते बरोबर होते.

मैदान दिसू लागलं. शेवटची दोरी बांधलेली होती, लोक टाळ्या वाजवत होते. आणि इथे भोंगा रेंगाळली. अजून एक शब्द बोलायला वेळ होता. दोरीच्या अलीकडे नुसतं ‘हुश्श’ म्हटलं तरी अट मोडेल. यंत्र येणार नाही. उद्या दुपारी आजोबा बाकावर असतील, ती स्टुलावर असेल, आणि सगळं होतं तसं राहील. कुणाला कळणारही नाही. पोरगी आहे, सुटलं तोंडातून, एवढंच म्हणतील. तिला ते फार हवंसं वाटलं. तिने तोंड उघडलंसुद्धा.

तेवढ्यात तिला आजोबा दिसले. दोरीपलीकडे, गर्दीत, इस्त्रीचा सदरा घालून. ते शेजारच्यांच्या हातांकडे बघत होते. हात हलले की टाळ्या वाजवायचे, हात थांबले की थांबायचे. पण नेहमी एक टाळी उशिरा. सगळे थांबल्यावर त्यांची ती एक टाळी राहून जायची, आणि ते पटकन दोन्ही हात पाठीमागे घ्यायचे, चोरी पकडल्यासारखे. पुढे परत हात हलले की परत तेच.

भोंगाने तोंड मिटलं आणि दोरी ओलांडली.

काकांनी पैसे दिले. ओले होते, पण दिले.

यंत्र यायला दिवस लागले. ते आलं त्या दुपारी सगळं घर दुकानात जमलं. डॉक्टरांकडच्या माणसाने आजोबांच्या कानात ते बसवलं, बटण फिरवलं, आणि जो तो एकदम सुरू झाला. आई म्हणाली, “मामंजी, ऐकू येतंय का?” बाबा म्हणाले, “मोठ्याने बोलू नका.” आत्या इतक्या वर्षांच्या सवयीने ठणाणा ओरडली, “बाबाऽऽ, मी बोलतेय!” वरून काका जिना उतरत आले आणि आपण किती मदत दिली ते सांगायला लागले. मागे कुणीतरी किल्ल्यांचा डबा पाडला.

आजोबांनी चेहरा वेडावाकडा केला. हात वर केला. आणि कान आल्यानंतरचं त्यांचं पहिलं वाक्य बोलले.

“गप्प बसा!”

सगळे हसले. आत्याने भोंगाकडे बघून मान डोलावली, सांगितलं नव्हतं का, अशी. भोंगा तेवढं बघून मागच्या खोलीत गेली आणि ट्रंकेवर भिंतीकडे तोंड करून बसली. रडली नाही, पण रडायची तेवढी बाकी होती. तिचं सगळं बोलणं एकदम संपलं होतं. आता कुठलीही अट नसताना ती गप्प होती.

दुकानातले आवाज हळूहळू कमी झाले. मग दार लोटल्याचा आवाज आला, आणि कडी लागल्याचा. आजोबा पत्र्याचं स्टूल हातात घेऊन मागच्या खोलीत आले. त्यांनी ते तिच्यासमोर ठेवलं आणि त्यावर बसले. आजवर त्या स्टुलावर ती बसायची.

“सगळ्यांना बाहेर काढलं,” ते म्हणाले. स्वतःचाच आवाज कानात आल्याने ते जरा दचकले, मग हळू बोलायला लागले. “एवढ्या गलक्यात तुझं काय ऐकू येणार? बोल आता.”

भोंगाने ‘नाही’ अशी मान हलवली.

“पोरी, इतकी वर्षं तुझं तोंड बघत बसलो. एक अक्षर ऐकू आलं नाही. तू हसलीस की हसायचो. कशाला हसतेय, देवाला ठाऊक.” त्यांनी कानातलं यंत्र बोटाने दाबून नीट बसवलं. “आता सगळं परत सांग. पहिल्यापासून.”

“पहिल्यापासून म्हणजे कुठून?” भोंगाने विचारलं. तिचा आवाज घोगरा आला होता.

“मला काय माहीत?” आजोबा म्हणाले. “मी कुठे ऐकलंय?”

मग ती काळ्या मांजरापासून सुरू झाली.